घरात कोण राहतं

"हे कपडे कुणाचे?" साहेबांनी कपाटाचं दार उघडं धरून विचारलं.

"ताईंचे."

"ताई म्हणजे?"

"या घरच्या म्हातारीची थोरली बहीण."

"त्या कुठे असतात?"

"वारल्या. मी इथे यायच्या कितीतरी आधी."

साहेबांनी खिशातून रुमाल काढून नाक पुसलं. घरात पाऊल टाकल्यापासून त्यांचं हेच चाललं होतं, म्हणून मी मनातल्या मनात त्यांचं नाव नाकपुसे ठेवून दिलं होतं. पालिकेकडून आले होते. परदेशातून आलेलं माणूस सांगतं त्या पत्त्यावर खरंच राहतं की नाही, हे घरी येऊन बघायचं आणि तसं लिहून द्यायचं, हे त्यांचं काम.

"बरं. मग तुमचे कपडे कुठे आहेत?"

"तेच की. ताईंचेच मी घालते."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. अंगात तपकिरी स्वेटर, कोपरावर ठिगळ, गळ्याशी जुन्या पद्धतीचं मोठं बटण. डोक्याला बांधायचा रुमालही तसाच, ताईंचा. सांगणार तरी काय?

साहेब न्हाणीघरात गेले. ग्लासात एक ब्रश, म्हातारीचा. खुंटीला एक टॉवेल, म्हातारीचा. स्वयंपाकघरात हुकाला एक कप, दाराशी चपलांचा एक जोड. सगळं त्या बिचारीचं, आणि ती जाऊन महिना उलटला होता.

"अहो, तुमचं काय आहे या घरात?" साहेब आता जरा चिडले. "तुमचं असं काहीतरी दाखवा ना मला!"

मी खाटेखाली हात घालून माझी पिशवी ओढली. कंगवा, ब्रश, तेलाची बाटली, घरच्या चपला, निळा स्वेटर, एक ताटली, एक कप, सगळं त्यात. साहेब तिच्याकडे बघत राहिले.

"हे तर काल संध्याकाळी एखादी पाहुणी यावी तसं आहे."

"मी अकरा वर्षं राहते इथे," मी म्हटलं.

आता हे असं का, ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हालाही मी खोटारडी वाटेन.

मी माणसं सांभाळते. म्हातारी, आजारी, डोकं हललेली. घरच्यांना जमत नाही किंवा घरचे कुणी नसतात, तिथे मी राहते. या म्हातारीला मुलंबाळं नव्हती. भाचा होता, त्यानेच मला आणलं. तेव्हा तिचं विसरणं नुकतं सुरू झालं होतं. मला चेहऱ्यावरून नीट ओळखायची, हसायची, चहा दे म्हणायची. पण मी आल्याच्या पहिल्याच आठवड्यात सकाळी न्हाणीघरातून अशी किंकाळी आली की माझ्या हातातलं भांडंच पडलं. धावत गेले तर म्हातारी कोपऱ्यात अंग चोरून उभी, आणि सिंकवर माझा कंगवा. त्याच्याकडे बोट दाखवून म्हणते, "घरात कोण शिरलंय?"

"अहो बाई, माझा आहे तो."

"कोण शिरलंय घरात? बाहेर काढा! बाहेर काढा त्याला!"

दिवसभर थरथरत होती. जेवली नाही. मी कंगवा पिशवीत टाकला. मग एकदा माझी चप्पल दिसली, तेव्हा तोच प्रकार. मग जादा कप. हळूहळू मला कळलं की तिच्या डोक्यात घराचं एक चित्र पक्कं बसलेलं आहे आणि त्यातली एक वस्तू जरी वाढली तरी तिच्या जिवाचं पाणी होतं. मग काय, मी शिकले. वापरलं की पुसायचं, पुसलं की पिशवीत. सिंकमध्ये माझा केस राहू द्यायचा नाही. गादीवरचा खळगा हाताने सारखा करायचा. पुढचं दार वाजलं की ती दचकायची, म्हणून बाजारहाट मागच्या दाराने. आमच्या कामात चांगली बाई म्हणजे अशीच, आहे पण दिसत नाही. मला त्याचा अभिमान होता हो, खोटं का बोलू.

स्वेटरचं मात्र अचानक झालं. थंडी कडाक्याची, माझा धुवून वाळत होता, म्हणून कपाटातला एक जुना घातला आणि तिच्यासाठी पेज घेऊन गेले. म्हातारीचा चेहरा असा काही उजळला! तसा मी कधीच बघितला नव्हता. म्हणाली, "ताई, आलीस? किती गं वाट बघायला लावलीस!" आणि माझा हात धरून पेज शेवटच्या घासापर्यंत संपवली. मी भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "तिला बरं वाटतं ना? मग घाला की. ते कपडे नाहीतर कुजायलाच पडलेत."

तेव्हापासून मी ताई. संध्याकाळी अंधारून आलं की तिची हाक यायची, "ताई, आलीस?" आणि मी असेन तिथून म्हणायचे, "आले गं." या देशात मला नावाने हाक मारणारं कुणी नव्हतंच. ताई तर ताई.

या देशात राहायच्या परवान्याचा प्रश्न इतकी वर्षं आला नाही, कारण वाढवायच्या वेळी म्हातारीचा अंगठा चालायचा. ही बाई माझ्याकडे राहते, उमटवा अंगठा, झालं. आता अंगठाच मातीत गेला. परवाना वाढवायचा तर रहिवासाचा दाखला हवा आणि दाखल्यासाठी साहेब घर बघून जाणार. दाखला मिळाला तर मला दुसऱ्या घरी काम धरता येणार, नाहीतर बिस्तरा गुंडाळून परत. आणि परत कुठे? भावाच्या घरात माझी खोली होती, तिथे आता त्याचा मुलगा-सून राहतात. वहिनी फोनवर फार गोड बोलते. मी यायचं काढलं की विचारते, "किती दिवसांसाठी येताय?"

भाच्याने लिहून दिलं असतं तर घोडं अडलंच नसतं. पण त्याला वकिलाने घाबरवून सोडलेलं. "तुम्ही राहात होता, हे मी कुणालाही तोंडी सांगेन," तो म्हणाला, "पण लिहून नाही देणार. उद्या तुम्ही घरावर हक्क सांगितलात तर? तुम्ही नाही सांगणार हो, मला माहीत आहे. पण वकील म्हणतो." वाईट नाही तो. फक्त भित्रा आहे, आणि घरमालकाचं तोंडी सांगणं पालिकेला चालत नाही.

तर आता सगळं नाकपुसे साहेबांच्या हातात.

"शेजारी कुणी ओळखतं का तुम्हाला?" त्यांनी पिशवीवरची नजर काढून विचारलं.

माझा जीव जरा भांड्यात पडला. समोरच्या रस्त्यापलीकडे शिलाईवालीचं दुकान आहे. मी खिडकीत बसून भाजी निवडायचे, ती मशीनवरून मान वर करून हात हलवायची, मीही हलवायचे. बोलणं कधी झालं नाही, पण वर्षानुवर्षांची ओळख.

"ही समोरची. तिला विचारा. रोज बघते ती मला."

साहेब गेले. मी खिडकीतून बघत होते. शिलाईवाली गळ्यात टेप, तोंडात टाचण्या, भराभर मान हलवत होती. मग टाचण्या काढून काहीतरी लांबलचक सांगितलं. साहेबांनी काहीतरी विचारलं. मग तिने एकदम खिडकीकडे बघितलं. मी सवयीने हात हलवला. तिने नाही हलवला.

पाच मिनिटांत दोघं माझ्या दारात. शिलाईवाली उंबऱ्याच्या बाहेरच थांबली, आत यायला तयार नाही.

"या म्हणतात इथे दोघी बहिणी राहायच्या," साहेब म्हणाले. "एक गेली, थोरली अजून आहे."

"अहो, मला काय माहीत!" शिलाईवालीचा आवाज फाटला होता. "मी येण्याआधीपासून या घरात दोघी बहिणी, असंच ऐकलं होतं सगळ्यांकडून. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असायच्या, तेव्हा धाकट्या बाईंची हाक ऐकू यायची. ताई, ताई. आणि या आपल्या खिडकीत. हाच स्वेटर, हाच रुमाल. मी घरी सांगायचे सुद्धा, थोरल्या बाई वयाच्या मानाने काय खमक्या आहेत! आता हे साहेब म्हणतात की थोरल्या बाई केव्हाच वारल्यात. मग मी इतकी वर्षं हात कुणाला हलवत होते?"

"मला," मी म्हटलं. "मी हलवत होते."

"तुम्ही कोण पण?"

काय गंमत आहे बघा. इतक्या साध्या प्रश्नाला मला पटकन उत्तर सुचेना. साहेबांनीच सांगितलं, सांभाळायला ठेवलेली बाई. शिलाईवाली माझ्याकडे बघत म्हणाली, "शपथेवर विचाराल तर मी यांना ओळखत नाही हो. राग मानू नका." आणि पायऱ्या उतरून गेली. नंतर तिने मशीनची जागा बदलली, खिडकीकडे पाठ केली.

साहेब जायला निघाले. बॅगेचं बक्कल लावता लावता थांबले. "हे बघा, माझ्या मनात काही नाही. पण मी लिहू काय? घर म्हणतं म्हातारी राहते. शेजारीण म्हणते मेलेली बहीण राहते. तुम्ही राहिल्याची एक खूण नाही. शुक्रवारी परत येतो. नियमाप्रमाणे दुसरी खेप असते. त्यानंतर माझा नाइलाज आहे."

त्या संध्याकाळी मी दिवा न लावता स्वयंपाकघरात बसले होते. बाहेर रस्त्यावरचे दिवे लागले, आणि आतल्या खोलीतून हाक आली.

"ताई, आलीस?"

तुम्ही हसाल. हसा. पण म्हातारी गेल्यापासून ही हाक रोज येत होती. पहिल्यांदा आली तेव्हा माझी पाचावर धारण बसली होती. आत जाऊन बघितलं तर गादी गुंडाळलेली, उशी उन्हात टाकून आणलेली, खिडकी बंद. दुसऱ्या दिवशी परत तशीच हाक. तिसऱ्या दिवशी मी घाबरायचं सोडलं. घाबरायचं कशाला? तिला मी अकरा वर्षं न्हाऊमाखू घातलं, ती माझं काय वाईट करणार? मी आपली म्हणायचे, "आले गं." मग घर शांत व्हायचं. मलाही त्याशिवाय जेवण जात नसे.

म्हणूनच तर पिशवी अजून खाटेखाली होती. म्हातारी गेली तरी मी कंगवा पुसून आतच ठेवत होते, टाचा उचलून चालत होते, मागच्या दाराने जात होते. साहेबांना हे सांगितलं असतं तर त्यांनी दाखल्याऐवजी दवाखान्याची चिठ्ठी दिली असती.

"आले गं," मी म्हटलं.

गुरुवारी दुपारी मी पिशवी काढली. म्हटलं, पुरे झालं. जिवंत माणसाने जगायचं की नाही? कंगवा सिंकवर ठेवला, बरोबर त्याच जागी, जिथे पहिल्यांदा ठेवला होता. ग्लासात तिच्या ब्रशशेजारी माझा ब्रश. हुकाला दुसरा कप. दाराशी माझ्या चपला. ताईंचा स्वेटर घडी घालून कपाटात आणि अंगात माझा निळा, जो मी ताई झाल्यापासून घरात घातलाच नव्हता. प्रत्येक वस्तू ठेवताना वाटत होतं, जणू मीच चोरी करायला शिरले आहे. तरी ठेवली. मग खुर्चीत बसून वाट बघत राहिले. कशाची, ते मला माहीत होतं.

अंधारून आलं. हाक आली नाही. मी कान देऊन बसले. आणि मग न्हाणीघराकडून, अगदी बारीक, घाबरलेल्या पोरीसारखा आवाज आला.

"घरात कोण शिरलंय?"

इतकी वर्षं मी धावत जाऊन एकच म्हणत आले होते, कुणी नाही गं, कुणी नाही, आणि वस्तू उचलत आले होते. आताही उठले. कंगव्यापर्यंत गेले. हात पुढे केला. पण शुक्रवार डोळ्यांसमोर होता, आणि वहिनीचं ते गोड विचारणं.

"माझा आहे तो कंगवा," मी म्हटलं. "बाई, मी आहे. तुमची ताई नव्हे. तुम्हाला सांभाळायला ठेवलेली बाई. मी इथे राहते."

घर गप्प झालं. नळ ठिबकत होता तोही थांबला की काय, असं वाटलं. "बाई?" मी विचारलं. मग "आले गं" असंही म्हणून बघितलं. काही नाही.

शुक्रवारी साहेब आले. सर्दी जास्तच वाढली होती, डोळे लाल. मी चहा पुढे केला, तो त्यांनी दोन्ही हातांत धरून प्यायला. मग उठून न्हाणीघर बघितलं, हुकाचे कप बघितले, दाराशी वाकून चपला बघितल्या. मी मागे मागे. सिंकवरच्या कंगव्याला त्यांनी बोट लावलं आणि माझ्याकडे वळले.

"काल मांडलंत हे."

मी कंगवा सरळ करून ठेवला.

"सगळेच मांडतात हो. कुणी शेजारच्यांच्या चपला आणून ठेवतात, कुणी भिंतीवर फोटो लावतात, त्याच्या खिळ्याचा चुरा अजून जमिनीवर पडलेला असतो. मला याचा उपयोग नाही. हा कंगवा असला काय नि नसला काय."

असला काय नि नसला काय! म्हणजे मी तिला काल जे बोलले, ते कशासाठी?

साहेब जायच्या आधी रीतीप्रमाणे आतल्या खोलीत एकदा डोकावले. म्हातारीची खाट, खाटेच्या उशाशी भिंतीला लागून लाकडी खुर्ची. साहेबांचं लक्ष खुर्चीच्या वर गेलं. त्यांनी चष्मा पुसला, जवळ गेले, खिडकी उघडून उजेड घेतला.

"हा डाग कसला?"

मी बघितलं आणि शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. खुर्चीच्या पाठीच्या वर, भिंतीच्या रंगावर, हाताच्या पंज्याएवढा पिवळट काळा डाग. मधे गर्द, कडेला फिकट. त्या भिंतीला माझी सदा पाठच असायची. खिडकीही बहुतेक बंद, उजेड म्हातारीच्या डोळ्यांना टोचायचा. या घरात मी एक केस मागे राहू दिला नव्हता, आणि हे काय!

"तेलाचा असेल," मी पुटपुटले. "डोक्याचं तेल. शेवटची वर्षं ती हात सोडायची नाही झोपेत. सोडला की रडत उठायची. मग मी खुर्चीतच टेकून झोपायचे. मी आत्ता पुसते साहेब, सोडा घातला की निघेल."

मी फडकं आणायला वळले तर साहेब जवळजवळ ओरडले, "हात लावू नका त्याला!"

त्यांनी मला खुर्चीत बसायला सांगितलं. मी बसले. टेका म्हणाले. मी टेकले. माझं डोकं त्या डागात अलगद जाऊन बसलं. साहेब समोर उभे राहून बघत होते. मग मला बाजूला करून त्यांनी हाताने भिंत चाचपली, नखाने जरासं खरवडलं. तेल रंगाच्या आतपर्यंत मुरलं होतं.

"हे काल मांडता येत नाही," ते म्हणाले. तिथेच खाटेच्या लोखंडी काठावर बसून लिहायला लागले, मधेमधे नाक पुसत. लिहून झाल्यावर म्हणाले, "खूप वर्षं बसलात हो तुम्ही इथे."

अकरा वर्षांत मला हे कुणी म्हटलं नव्हतं. मला रडू आलं. चांगलं मोठ्याने आलं. साहेब बिचारे गोंधळले, त्यांनी रुमाल पुढे केला, मग तो कसला आहे ते आठवून परत खिशात घातला.

पुढच्या आठवड्यात दाखला मिळाला. माझं नाव, त्यापुढे या घराचा पत्ता, खाली शिक्का. मला दुसरं घरही मिळालं, गावाच्या त्या टोकाला, अर्धांग झालेले मास्तर आहेत. भाचा किल्लीचं बोलायला आला तेव्हा खरंच आनंदला. "झालं ना काम? बघा, मी म्हणालोच होतो." जाताना म्हणाला, "उद्या रंगारी येणार आहेत. घर विकायचं तर भिंती स्वच्छ हव्यात. तुम्ही सकाळी निघालात तरी चालेल, किल्ली पत्रांच्या पेटीत टाका."

तो गेल्यावर मी सामान आवरलं. सिंकवरचा कंगवा उचलला, पुसला, पिशवीत टाकला. ब्रश काढला, ग्लासात म्हातारीचा एकटा ठेवला. माझा कप काढला, चपला काढल्या. सिंक कोरडं केलं. घर होतं तसं झालं. मग कपाटातून ताईंचा स्वेटर काढून अंगात घातला, गळ्याचं मोठं बटण लावलं, आणि आतल्या खोलीत जाऊन खुर्चीत बसले. डोकं त्याच जागी टेकलं.

रस्त्यावरचे दिवे लागले. मी थोडं थांबले.

"आले गं," मी म्हटलं.

मग हाकेसाठी आणखी थांबले; गुरुवारपासून ती आली नव्हती. समोर शिलाईवालीने दुकानाचं शटर ओढलं, त्याचा आवाज आला. खोलीत पुरता अंधार झाला होता, म्हणून उठून मी दिवा लावला.